पोरांची थट्टा नव्हे, पोराचा छळ

एरवी मी उसाची लागण, हुमणीचा बंदोबस्त, जनावरांचा चारा असल्या विषयांवर लिहितो. आज शाळेतल्या मुलांविषयी लिहिणार आहे. शेतकी खात्याच्या माणसाला यातले काय कळते, असे कोणी म्हणेल. पण नोकरीच्या निमित्ताने तीसेक वर्षे फलटण, माण, खटाव भागातल्या वाड्यावस्त्या हिंडलो. गुरुजी मुलाला शाळेत पाहतात, डॉक्टर दवाखान्यात पाहतात. आम्ही विस्ताराची माणसे त्याला घरात पाहतो. माती परीक्षणाचा कागद समजावून झाला, चहा झाला, की निघताना घरची बाई दाराआडून हळूच विचारते, "साहेब, पोरगं साळंला जायाला न्हाय म्हणतंय. तुमच्या वळखीचं कोण हाय का तितं?" पोराने शाळा का सोडली याची चौकशी केली, तर पुष्कळदा अभ्यासाचा प्रश्न नसतोच. पोर ऐकायला कमी येणारे असते, पायाने अधू असते, बोलायला अडखळते, किंवा त्याची वागणूकच चारचौघांहून निराळी असते. आणि शाळेत त्याला रोज रडवले जाते.

आपल्याकडे माणसाला त्याच्या व्यंगावरून हाक मारायची जुनी खोड आहे. एक पाय ओढत चालणारा तो लंगड्या, कमी ऐकणारा तो बहिऱ्या, हात गेलेला तो थोट्या. जन्मभर हेच नाव चालते आणि खरे नाव सातबाऱ्यावर तेवढे उरते. जुनी माणसे म्हणतात, यात वाईट हेतू नसतो. नसेलही. पण त्या माणसाला एकटे गाठून एकदा विचारून पाहावे. मी विचारले आहे. साठी उलटलेल्या एका गृहस्थांनी मला सांगितले, की चौथीत असताना वर्गाने ठेवलेले नाव त्यांच्या लग्नपत्रिकेपर्यंत येते की काय याची त्यांना धास्ती वाटत होती.

थट्टा कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो, हे ओळखणे अवघड नाही. थट्टेत दोघेही हसतात आणि आज याची तर उद्या त्याची पाळी येते. छळात पाळी एकाचीच असते. तो रोज होतो, बघायला चार जण जमतात आणि ज्याचा होतो त्याला उलट उत्तर देता येत नाही. बोलता येत नाही, पळता येत नाही, किंवा आपले काय चालले आहे हेच नीट उमगत नाही, अशा मुलाची थट्टा होऊच शकत नाही. तिला थट्टा हे नाव मोठ्यांनी आपल्या सोयीसाठी दिलेले आहे.

आपल्या फलटणवरून दरवर्षी माउलींची पालखी जाते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी वाट. घराघरांतून भाकरी-पिठले जाते, पायांना तेल लावले जाते. ज्यांची ही पालखी, त्या चार भावंडांना लहानपणी गावाने काय वागवले, हे कीर्तनात आपण दर वर्षी ऐकतो. संन्याशाची पोरे म्हणून हिणवले, वाळीत टाकले. लोकांच्या बोलण्याने व्यथित होऊन ज्ञानदेवांनी ताटी लावून घेतली आणि धाकट्या मुक्ताईने बाहेरून विनवून ती उघडायला लावली, ही कथा कोणाला ठाऊक नाही? आपण त्यातला चमत्कार आणि वैराग्य तेवढे लक्षात ठेवतो. एक लहान मूल दार लावून बसले होते आणि एक बहीण दारापाशी उभी राहिली, हा भाग निसटून जातो.

फलटणचे दुसरे एक नाते या विषयाशी आहे आणि ते शेतकऱ्यांना फारसे माहीत नाही. निंबकर म्हटले की आपल्याला बिनकाट्यांची करडई आठवते, जुळी कोकरे देणारी नारी सुवर्णा मेंढी आठवते. बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली इथे काढलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचे हे काम. परंतु त्यांच्या मातोश्री कमलाबाई निंबकर यांचे काम निराळ्याच क्षेत्रातले होते. मूळच्या त्या अमेरिकेच्या, माहेरचे नाव एलिझाबेथ लुंडी. १९३० साली विष्णू निंबकर यांच्याशी लग्न करून त्या इकडच्या झाल्या. पुढे मध्यम वयात, ज्या वयात आपल्याकडची बाई सुनेच्या हाती घर सोपवायचा विचार करते त्या वयात, अमेरिकेत जाऊन त्या अपंगांच्या उपचाराचे एक नवे शास्त्र शिकून आल्या. त्याला व्यवसायोपचार म्हणतात. १९५० साली त्यांनी मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात हे शास्त्र शिकवणारी शाळा सुरू केली. आशियातली या प्रकारची ती पहिली. दोन वर्षांनी या विषयाच्या जाणकारांची अखिल भारतीय संघटनाही त्यांनी उभी केली.

व्यवसायोपचार म्हणजे धंदा शिकवणे नव्हे. माणसाच्या अंगात जे बळ आणि जी हालचाल शिल्लक आहे, ती वापरून त्याला रोजची कामे स्वतः करता यावीत, यासाठी केलेला उपचार. गुंडी लावणे, घास घेणे, लेखणी धरणे, पायरी चढणे. काय गेले याची मोजदाद करण्यापेक्षा काय उरले आहे ते बघायचे. आम्ही दुष्काळात पीक पाहणीला जातो तेव्हा नेमके हेच बघतो, म्हणून मला ही गोष्ट चटकन पटली. कमलाबाई १९७९ साली वारल्या. डॉ. मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने १९८६ साली फलटणमध्ये काढलेल्या शाळेला त्यांचे नाव दिले आहे, कमला निंबकर बालभवन. मॅक्सीनबाईही मूळच्या अमेरिकेच्याच. फलटणच्या मराठी बोलीचा अभ्यास करायला आल्या आणि इथल्याच होऊन राहिल्या.

आता माझ्या पाहण्यातली एक हकीकत सांगतो. नीरा उजव्या कालव्याखालचे एक गाव. नाव देत नाही, कारण मुलगा आता मोठा होतो आहे. घरची चार एकर जमीन, दोन संकरित गाई, थोडा ऊस, थोडा मका. मुलगा चौथे वर्ष सरेपर्यंत बोलला नाही. बोलायला लागला तो आपण विचारलेलेच परत म्हणायचा. "जेवलास का?" म्हटले की तोही म्हणणार, "जेवलास का?" डोळ्याला डोळा देत नसे. शाळेला जायचे ते एकाच बांधावरून. कोणी दुसऱ्या वाटेने नेले तर आकांत. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून कोपऱ्यात बसायचा. विहिरीवरच्या मोटारीचा आवाज मात्र तासन्‌तास ऐकत उभा राही. आजी म्हणायची, सून गरोदरपणी ग्रहणात बाहेर फिरली त्याचे हे फळ. सून बिचारी खाली मान घालून ऐकून घ्यायची.

शाळेत पाचवी-सहावीच्या पोरांना दोन शोध लागले. पहिला असा, की याच्या कानाशी प्लॅस्टिकची पिशवी फुगवून फोडली, की हा किंचाळत गोल गोल फिरतो. मधल्या सुट्टीत रोज तमाशा सुरू झाला. दुसरा शोध त्याहून वाईट. हा ऐकलेले परत म्हणतो हे ध्यानात आल्यावर ती त्याला अर्वाच्य शब्द शिकवून बाईंसमोर सोडू लागली. हा निरागसपणे तो शब्द म्हणायचा आणि मार खायचा. मारणारा मोठा माणूस, हसणारा सगळा वर्ग, आणि मार कशाचा हे ज्याला कळले नाही असे एकच पोर. दिवाळीनंतर ते शाळेच्या वेळेला मक्यात जाऊन बसू लागले. वडील म्हणाले, "ऱ्हाऊ दे घरी. गुरं तरी राखंल."

हे कोणी थांबवले म्हणाल, तर शेजारच्या वस्तीवरच्या सातवीतल्या एका मुलीने. ती त्याच बांधावरून शाळेला जायची, म्हणून तिला त्याची वाट माहीत होती. तिने दोन मैत्रिणी बरोबर घेतल्या आणि मधल्या सुट्टीत तिघी त्याच्यापाशी लिंबाखाली डबा खायला बसू लागल्या. पोरे पिशवी घेऊन आली तेव्हा तिने भाषण केले नाही. "त्येला तरास हुतोय. बास झालं," एवढेच म्हणाली आणि तडक मुख्याध्यापकांकडे गेली. पुढे चार-आठ दिवस तिलाही चिडवले गेले. काय म्हणून चिडवले असेल ते वाचकांनी ओळखावे. पण ती हटली नाही, आणि घरी येऊन आईला सांगितले.

आई शाळा व्यवस्थापन समितीवर होती. आपल्याकडे अशी नावे बहुधा कागद भरण्यापुरती असतात. या बाईने मात्र बैठकीत विषय काढला. शाळेच्या परसबागेच्या कामासाठी मला त्या दिवशी बोलावले होते, म्हणून मी हे ऐकले. एक-दोघे म्हणाले, "पोरंच ती. दंगा करायचीच." मग छळणाऱ्या पोरांपैकी एकाचे आजोबा बोलायला लागले. त्यांचे नाव आबा म्हणूनच ठाऊक. आबा म्हणाले, "माझ्या बैलाला कुणी रोज इनाकारण पराणी टोचली, तर मी त्येला शेतात पाय ठेवू देईन का? आन् हे तर लेकरू हाय." नातवाचे नाव त्यांनी घेतले नाही. घ्यावे लागले नाही.

त्या बैठकीत फार मोठे काही ठरले नाही. मधल्या सुट्टीत एक शिक्षक मैदानावर थांबेल, पोराला मारायचे नाही, आणि गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना बोलवायचे, एवढेच. ते शिक्षक आले. त्यांनी वर्गाला सांगितले, की काही जणांना उजेड आणि आवाज आपल्याहून कितीतरी पटींनी जोरात जाणवतात. तुमच्या कानात कोणी कर्णा लावून वाजवला तर तुम्ही काय कराल? पोरांनी कान दाबून दाखवले. आईवडिलांना त्यांनी जिल्हा रुग्णालयात पाठवले. तिथे तपासणी झाली आणि आजवर ज्याला गाव खुळं म्हणत होते, त्या गोष्टीला नाव मिळाले: स्वमग्नता. इंग्रजीत ऑटिझम.

आज तो मुलगा आठवीत आहे. सगळे सुरळीत झाले असे मात्र समजू नये. ज्याला जिवाभावाचा मित्र म्हणावे असा त्याला अजून कोणी नाही. छळणाऱ्यांपैकी एक जण अजूनही पाठीमागे त्याच्या चालण्याची नक्कल करतो. दुसरा मात्र त्याला क्रिकेटच्या धावा मांडायला बसवतो आणि त्याच्या वहीवर सगळे विश्वास ठेवतात.

स्वमग्नतेविषयी थोडे नीट सांगितले पाहिजे. हा वेड नव्हे, बाहेरची बाधा नव्हे आणि संसर्गही नव्हे. मेंदूची घडणच जन्मापासून निराळी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे शंभर-सव्वाशे माणसांमागे एक, असे हे प्रमाण आहे. म्हणजे मोठ्या गावात अशी मुले असणारच. हाक मारली तरी वळून न पाहणे, नजर न देणे, बोलणे उशिरा येणे, तेच ते शब्द किंवा हातवारे पुन्हा पुन्हा करणे, रोजच्या क्रमात बदल सहन न होणे, ही लक्षणे दोन-तीन वर्षांच्या वयात दिसू लागतात. कोणाचे बोलणे उत्तम असते, कोणाला शब्दच फुटत नाही. कोणी गणितात पुढे असतो, कोणाला आधाराशिवाय जेवताही येत नाही. सगळ्या स्वमग्न मुलांत काहीतरी दैवी गुण दडलेला असतो अशी एक नवी समजूत सिनेमांमुळे पसरली आहे. ती खरी नाही. गुण असो वा नसो, मुलाला शाळेत सुखाने बसता आले पाहिजे.

आईचा दोष कितपत? मुळीच नाही. ग्रहणाने हे होत नाही, लसीने होत नाही. आपल्याच आज्या असे बोलतात असे नाही. परदेशातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनीही एके काळी थंड स्वभावाच्या आयांमुळे मुले अशी होतात, असे छापून ठेवले होते. ते खोटे ठरले. मुळापासून बरे करणारे औषध नाही, आणि कोणी भोंदू काढा किंवा इंजेक्शन देऊन बरे करतो म्हणाला तर एक गाय विकून त्याची भर करू नये. पण लहान वयात वाचोपचार, व्यवसायोपचार आणि धीराचे शिकवणे मिळाले तर मूल पुष्कळ पुढे जाते. कमलाबाईंनी मुंबईत ज्या शास्त्राची शाळा काढली, तेच आज अशा मुलांच्या कामी येते.

ज्या मुलावरून या प्रकाराचे शास्त्रीय वर्णन प्रथम झाले, त्याची गोष्ट शेतकऱ्यांनी जरूर ऐकावी. तिच्यात एक शेतकरीच मोठा आहे. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे एक लहान गाव आहे. तिथे १९३३ साली डोनाल्ड ट्रिपलेट जन्मला. तीन वर्षांचा असताना डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवले. तिथे तो आणखी मिटला. आईबापांनी वर्षभराने त्याला परत आणले आणि बाल्टिमोरला डॉ. लिओ कॅनर यांच्याकडे नेले. कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांवर जो निबंध लिहिला, त्यातला पहिला मुलगा हाच.

पण मला सांगायचे आहे ते पुढचे. १९४२ साली त्याला गावापासून दहा मैलांवर एका शेतकरी जोडप्याकडे राहायला ठेवले. कॅनर १९४५ साली तिथे जाऊन आले आणि त्यांनी जे पाहिले ते लिहून ठेवले आहे. पोराला सारखे मोजायचे वेड. शेतकऱ्याने त्याला विहीर खणायच्या कामाला लावले आणि तिची खोली मोजून सांगायला सांगितले. पोर मेलेले पक्षी आणि किडे गोळा करी. त्याला शेतात एक जागा देऊन त्यांचे दफन करायला सांगितले. मक्याच्या सऱ्या पुन्हा पुन्हा मोजी. मग नांगरता नांगरता मोज म्हटले. पोर घोडा आणि नांगर व्यवस्थित सांभाळत होते, सरीच्या शेवटी घोडा वळवून आणत होते. खेड्यातल्या शाळेनेही त्याचा विचित्रपणा पदरात घेतला. त्या जोडप्याकडे कोणतीही पदवी नव्हती. बैलाचा स्वभाव ओळखून त्याला औताला लावणारा माणूस जे करतो, तेच त्यांनी केले.

घर श्रीमंत होते, बँक घरचीच होती, हेही सांगितले पाहिजे. गरिबाच्या पोराला एवढे मिळाले असते असे नाही. डोनाल्ड पुढे पदवीधर झाला, घरच्या बँकेत नोकरी केली, एकटा देशोदेशी हिंडला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला. शाळेत असताना त्याने हायस्कूलच्या इमारतीच्या विटा एका नजरेत मोजल्या अशी दंतकथा होती. म्हातारपणी दोन पत्रकारांनी खोदून विचारले तेव्हा तो म्हणाला, आकडा मनानेच सांगितला होता. त्या मुलांना माझ्याविषयी चांगले वाटावे एवढीच इच्छा होती. ज्याला माणसांची पर्वा नसते असे आपण म्हणतो, त्या मुलाने वर्गात मान मिळावा म्हणून विटांचा आकडा रचला. आणि हे पत्रकार गावात चौकशी करू लागले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना दम भरला, की डोनाल्डला दुखावेल असे काही केलेत तर गाठ आमच्याशी आहे. असे एक नव्हे, तर निरनिराळ्या माणसांनी सांगितले.

स्वमग्नतेखेरीज इतर मुलांचे हालही कमी नाहीत. कर्णयंत्र कानातून ओढून पळवणे, कुबडी लपवणे, जाड भिंगाचा चष्मा काढून घेऊन "किती बोटं?" विचारणे, हे खेळ गावोगाव चालतात. मुलगी असली तर ती घरी सांगतच नाही. सांगितले तर शाळा सुटेल याची तिला भीती असते, आणि बहुधा तसेच घडते. अक्षरे उलटसुलट दिसणारी, वाचताना अडखळणारी मुले तर आळशी म्हणूनच मार खातात. २००७ चा 'तारे जमीं पर' हा चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. तो अशाच मुलावर आहे, आणि त्यातली शाळा आपल्याच जिल्ह्यातल्या पाचगणीची. पाहताना सगळे रडले. दुसऱ्या दिवशी वर्गात काय फरक पडला, ते गुरुजनांनीच सांगावे.

सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात करगणी हे गाव आहे. तिथल्या शेतकरी कुटुंबातल्या सचिन खिलारी यांचा डावा हात लहानपणी सायकलवरून पडून निकामी झाला. २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवले. गोळाफेकीत भारतीय पुरुषाला चाळीस वर्षांनी मिळालेले हे पदक. मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी. पण एक पथ्य पाळावे. अधू मुलाला "बघ, तो कुठं पोचला, आणि तू?" असे सुनावायला या गोष्टीचा उपयोग करू नये. धडधाकट पोरांना आपण रोज तेंडुलकर दाखवून हिणवत नाही.

आता उपाय. पहिली गोष्ट बघ्यांची. छळणारा एक असतो, सोसणारा एक असतो आणि भोवती दहा जण उभे असतात. खेळ चालतो तो या दहांच्या जिवावर. कॅनडात शाळांच्या मैदानावरचे छळाचे प्रसंग चित्रित करून अभ्यास केला गेला. तो २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले, की एखादे मूल मध्ये पडले तर निम्म्याहून अधिक वेळा दहा सेकंदांच्या आत प्रकार थांबला. दहा सेकंद! तेव्हा आपल्या मुलामुलींना "तू कुणाच्या भानगडीत पडू नगंस" हे शिकवणे आधी बंद करावे. मारामारी करायला सांगू नये. त्या मुलापाशी जाऊन उभे राहायचे, "बास" म्हणायचे, त्याला तिथून घेऊन जायचे आणि मोठ्यांना सांगायचे, एवढे सातवीतल्या मुलीला जमते. सांगणे म्हणजे चहाडी नव्हे, हा फरकही घरीच समजावून द्यावा.

आणि आपले मूल छळणाऱ्यांत निघाले तर? आईबापांना हे कबूल करणे सर्वांत जड जाते. त्याला झोडपून काढले तर ते दुसऱ्या दिवशी तोच राग दुबळ्यावर काढते. शांतपणे बसवून, काय केले ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यावे. आणि आपण स्वतः पारावर बसून कोणाकोणाला कोणत्या नावाने हाका मारतो, याचाही आठव करावा. पोरे शब्द शाळेत शोधून काढत नाहीत, घरूनच नेतात.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देण्यास बंदी आहे. याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते; नव्यात एकवीस आहेत आणि स्वमग्नता त्यांत स्पष्टपणे घातली आहे. या कायद्याच्या कलम ९२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर पाणउतारा केला किंवा तिला धमकावले, तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. ही शिक्षा शाळकरी पोरांना तुरुंगात घालण्यासाठी नव्हे. अठरा वर्षांखालच्यांसाठी निराळा कायदा आहे. पण मोठ्या माणसांनी, मग ते कोणत्याही खुर्चीवर बसलेले असोत, हे कलम वाचून ठेवावे. चित्रपटांत अपंगांची टिंगल करण्याबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या जुलैत समज दिली आहे, की अपंगत्व समजावून देणारा विनोद वेगळा आणि अपंगांना हिणवणारा विनोद वेगळा.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. तीत स्वमग्नतेचा वेगळा रकानाच नव्हता. म्हणजे ही मुले गावाच्या हिशेबात आलीच नव्हती. म्हणून आपल्या मुलाची नोंद आपणच करावी. लाजून लपवू नये. मुलीचे लग्न जमणार नाही म्हणून धाकट्या भावाचे अपंगत्व दडवणारी घरे मला माहीत आहेत. लग्ने तरीही जमतात, भावाची वर्षे मात्र जातात.

तक्रार करायची तर ती लेखी करावी. मुख्याध्यापकांच्या नावे साध्या कागदावर अर्ज लिहावा. कोणत्या तारखेला, कोठे, काय घडले आणि कोणी पाहिले एवढे त्यात असावे. एक प्रत पोच घेऊन आपल्याजवळ ठेवावी. आठ-पंधरा दिवसांत फरक नाही पडला, तर समितीच्या बैठकीत विषय काढावा आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगावे. इतिवृत्तात न आलेली गोष्ट सरकारी दृष्टीने घडलेलीच नसते, हे मी नोकरीत शिकलो. मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी आहेत. मूल धोक्यात असेल तर १०९८ हा फोन क्रमांक मुलांसाठी फुकट आहे आणि रात्रंदिवस चालू असतो.

अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र यांसाठी केंद्र सरकारच्या स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज होतो. गावातल्या सेवा केंद्रातून तो भरून घेता येतो. मुलाचे आधार, फोटो, रहिवासाचा पुरावा आणि दवाखान्याचे जुने कागद बरोबर असावेत. तपासणी साताऱ्याला क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात होते. तपासणीचे दिवस आधी फोन करून विचारून घ्यावेत, नाहीतर एक दिवसाची मजुरी आणि एस. टी. चे भाडे वाया जाते. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व नोंदले गेले, की सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. दहावी-बारावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. स्वमग्न, मतिमंद, मेंदूचा पक्षाघात आणि बहुविकलांग मुलांना निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा आहे. त्यात वाचोपचार आणि व्यवसायोपचाराचा खर्चही काही मर्यादेपर्यंत बसतो. शाळेत नाव घालतानाच या कागदाची झेरॉक्स मुख्याध्यापकांना द्यावी आणि विशेष शिक्षक महिन्यातून किती वेळा येतात ते विचारावे. जूनच्या मध्याला शाळा उघडतात. पेरणीची धांदल त्याच आठवड्यात असते, तेव्हा हे काम मे महिन्यातच उरकून घ्यावे.